हैदराबादचे तीन पदच्युत

राज्य गमावलेल्या माणसाचें पुढें काय करावयाचें, हा प्रश्न जेत्यांना नेहमींच अडचणीचा वाटत आला आहे. त्याला ठार मारावें तर तो हुतात्मा होतो. जवळ ठेवावें तर त्याच्या दारीं असंतुष्टांची रीघ लागते. आणि दूर पाठवावें तर तो परक्या दरबारांत आपलें गाऱ्हाणें मांडीत बसतो. इंग्रजांनीं या कामीं मोठी हुशारी दाखविली. दुसऱ्या बाजीरावास त्यांनीं १८१८ सालीं वर्षाला ८ लक्ष रुपयांचें वेतन देऊन गंगाकांठीं ब्रह्मावर्तास बसविलें, साताऱ्याच्या प्रतापसिंह महाराजांस १८३९ सालीं गादीवरून काढून काशीस धाडलें, दिल्लीच्या बहादुरशहाला रंगूनला नेलें, आणि पुढें सारा ब्रह्मदेश जिंकल्यावर तेथील थिबा राजाला रत्नागिरीस आणून ठेविलें. दिल्लीचा बादशहा ब्रह्मदेशांत मेला आणि ब्रह्मदेशाचा राजा कोंकणांत. दोघांचीं थडगीं जेथें आहेत तेथें त्यांच्यापैकीं कोणीही आपण होऊन पाऊल टाकलें नसतें.

मराठवाड्याला तर हा देखावा फार जुना आहे. आजच्या लातूर जिल्ह्यांतील शिरूर अनंतपाळ हें गांव डोळ्यांसमोर आणावें. पश्चिमेस लातूर, दक्षिणेस निलंगा, पूर्वेस उदगीर आणि आग्नेयेस कांहीं मजलांवर बीदर. १९९९ सालीं हें गांव तालुक्याचें ठिकाण झालें. परंतु ज्या मुलखांत तें वसलें आहे, त्या मुलखानें धनी बदलतांना अनेकदां पाहिले आहेत. बीदरचा शेवटचा बहामनी सुलतान कलीमुल्ला आपल्याच वजिराच्या धाकानें राजधानी सोडून पळाला आणि अहमदनगरच्या आश्रयास राहून मेला. १६३६ सालीं उदगीरचा किल्ला मोंगलांच्या हातीं गेला. १७६० सालीं त्याच उदगीरपाशीं सदाशिवरावभाऊंनीं निजामाला नमविलें. गोवळकोंड्याचा अबुल हसन तानाशहा याला औरंगजेबानें १६८७ सालीं पदच्युत करून दौलताबादच्या किल्ल्यांत सुमारें बारा वर्षें अडकवून ठेविलें, आणि मेल्यावर खुलताबादेस पुरलें. हुकूमशहाला हिंदी भाषेंत जो शब्द लावतात तो याच ऐषआरामी व गाण्याच्या शोकी सुलतानाच्या नांवाशीं जोडला जातो. पदच्युतांच्या नशिबीं अपकीर्तीही कशी उधार येते पाहावें! आठ वर्षांच्या आंत औरंगजेबही त्याच खुलताबादच्या मातींत त्याचा शेजारी झाला.

हें सारें जुनें झालें. परंतु या मुलखांतील सत्तांतराचा शेवटचा अंक अगदीं विसाव्या शतकाच्या मध्यावर घडला, आणि त्यांत राज्य गमावणारा मनुष्य एक नव्हता, तिघे होते. राजा एक, त्याचा मुख्य प्रधान एक, आणि या दोघांनाही आपल्या इच्छेप्रमाणें नाचविणारा लातूरचा एक वकील. १७ सप्टेंबर १९४८ या एकाच दिवशीं तिघांचीही सत्ता संपली. पुढें मात्र तिघांच्या वाटा इतक्या वेगळ्या झाल्या कीं, हीं माणसें एकाच राज्यकारभारांत होतीं हें सांगूनही खरें वाटूं नये.

हैदराबादचें राज्य म्हणजे लहानसहान संस्थान नव्हे. ८२ हजार चौरस मैलांचा विस्तार, १९४१ च्या शिरगणतीप्रमाणें १ कोटि ६० लक्षांच्या वर वस्ती, स्वतःचें नाणें, स्वतःची टपाल, स्वतःची रेल्वे. प्रजेंतील शेंकडा ८५ च्या आसपास लोक हिंदू, राजा मुसलमान, आणि दरबारची भाषा उर्दू. त्या वेळीं निलंगा, उदगीर, अहमदपूर हा भाग बीदर जिल्ह्यांत मोडे आणि लातूर उस्मानाबाद जिल्ह्यांत. सातवे निजाम मीर उस्मान अली खान यांनीं जून १९४७ मध्यें फर्मान काढून जाहीर केलें कीं, इंग्रज गेल्यावर आपण हिंदुस्थानांतही जाणार नाहीं व पाकिस्तानांतही नाहीं; आपण स्वतंत्र राहूं. ज्याच्या राज्याला कोठेंही समुद्रकांठ नाहीं आणि ज्याच्या सर्व बाजूंस हिंदुस्थानचाच मुलूख आहे, त्यानें ही प्रतिज्ञा करावी यांत धाडसापेक्षां भ्रमच अधिक होता. परंतु राजाच्या भ्रमाला पाठीराखे लागतात, आणि ते मिळालेही.

सय्यद कासिम रझवी हा लातूरला वकिली करणारा मनुष्य. व्यापाराच्या या गांवांत तंटेबखेडे पुष्कळ, तेव्हां वकिलाला काम कमी पडण्याचें कारण नव्हतें. परंतु त्याचें मन कोर्टाच्या आवारांत रमणारें नव्हतें. मजलिस-ए-इत्तेहादुल मुसलमीन या संस्थेचे प्रभावी पुढारी नवाब बहादुर यार जंग १९४४ च्या जूनमध्यें अकस्मात् वारले, आणि दोन-अडीच वर्षांत संस्थेचें अध्यक्षपद या लातूरच्या वकिलाकडे आलें. बहादुर यार जंगांच्या काळींच निघालेलें रझाकारांचें स्वयंसेवकदल रझवीनें फुगवीत नेलें, त्याच्या हातीं शस्त्रें दिलीं, आणि स्वतः गांवोगांव व्याख्यानें देत फिरूं लागला. दिल्लीच्या लाल किल्ल्यावर आसफजाही निशाण फडकेल, बंगालच्या उपसागराच्या लाटा निजामाचे पाय धुतील, अशा थाटाची त्याची वाणी होती. श्रोत्यांच्या टाळ्या मिळविण्याचें सामर्थ्य त्याच्या जिभेंत निःसंशय होतें. त्या टाळ्यांचें देणें कोणाला फेडावें लागेल याचा हिशेब मात्र त्या वकिलानें कधीं केला नाहीं.

२७ ऑक्टोबर १९४७ च्या पहांटे त्याच्या सत्तेचा खरा आरंभ झाला. निजामाच्या मंत्रिमंडळानें दिल्लीशीं 'जैसे थे' करार करण्याचें बहुमतानें ठरविलें होतें. मुख्य प्रधान नवाब छतारी, कायदेपंडित सर वॉल्टर मॉंक्टन आणि सर सुलतान अहमद हे त्या सकाळीं दिल्लीस निघणार होते. उजाडण्यापूर्वींच हजारों लोकांच्या जमावानें तिघांच्या घरांना वेढा घातला. ना पोलिसांनीं हालचाल केली, ना राजवाड्यांतून हुकूम सुटला. शिष्टमंडळ निघालें नाहीं. छतारींनीं राजीनामा दिला, आणि पुढील कांहीं आठवड्यांत मुख्य प्रधानाच्या खुर्चीवर मीर लायक अली हे उद्योगपति येऊन बसले. गमतीची गोष्ट ही कीं, नव्या शिष्टमंडळानें एवढा गाजावाजा करून २९ नोव्हेंबरला जो करार केला, तो जवळजवळ पहिलाच होता. करारांत कांहीं बदललें नाहीं. राज्य कोणाच्या हातांत आहे एवढेंच बदललें होतें.

यापुढें हैदराबादेंत सत्तेचे तीन मजले झाले. वरच्या मजल्यावर राजा होता. त्याच्या सहीशिवाय कांहीं होत नसे आणि त्याच्या मनाप्रमाणें कांहीं होत नसे. मधल्या मजल्यावर लायक अली. ते स्वतः हुशार अभियंते व कारखानदार, हिशेबी बुद्धीचे, दिल्लीच्या बैठकींत मृदु बोलणारे. तळमजल्यावर रझवी, ज्याला सरकारांत कसलेंही पद नव्हतें. आणि म्हणूनच ज्याला जबाबदारी नव्हती. इमारत मात्र तळमजल्यावरच उभी होती.

खेड्यांतल्या माणसाला हे वरचे दोन मजले दिसतच नव्हते. त्याला दिसे तो खाकी वेषांतला रझाकार. कोठें धान्याचे पेंव लुटलें गेलें, कोठें गंजी पेटल्या, कोठें वाड्यावर रात्रीं हल्ला झाला. मराठवाड्यांतील व्यापारी, कुळकर्णी, पाटील, शेतकरी हे बायकामुलांसह सरहद्द ओलांडूं लागले. कोणी बार्शी-सोलापुराकडे, कोणी वऱ्हाडांत उमरखेडच्या बाजूस. स्वामी रामानंद तीर्थ तुरुंगांत होते. त्यांचे सहकारी सरहद्दीवरच्या कॅंपांतून सशस्त्र प्रतिकार चालवीत होते, आणि उदगीरजवळच्या हत्तीबेटासारख्या ठिकाणीं गांवकरीही हत्यार घेऊन उभे राहिले होते. राज्यकर्ते पदच्युत होऊन परदेशीं जातात, हें इतिहासाला ठाऊक आहे; येथें राज्यकर्त्यांच्या आधीं प्रजाच देशोधडीस लागली. आणि ही प्रजा केवळ हिंदूच होती असें नाहीं. उर्दू 'इमरोज' पत्राचे तरुण संपादक शोएबुल्ला खान यांनीं रझाकारांच्या दांडगाईविरुद्ध व हिंदुस्थानांतील विलीनीकरणाच्या बाजूनें लिहिलें, म्हणून ऑगस्ट १९४८ मध्यें रात्रीं घरीं परततांना त्यांचा हैदराबादच्या रस्त्यावर खून पाडण्यांत आला.

१३ सप्टेंबर १९४८ ला हिंदुस्थानचें सैन्य राज्यांत शिरलें. या मोहिमेला सरकारनें पोलीस ॲक्शन हें नांव दिलें. मराठवाड्यांतील म्हाताऱ्याकोताऱ्यांच्या तोंडीं तोच शब्द पुढें कायम राहिला. मुख्य फौज सोलापुराहून नळदुर्ग, उमरगा या रस्त्यानें निघाली. दुसरी औरंगाबाद-जालन्याकडून लातूर व मोमिनाबादेकडे, म्हणजे आजच्या अंबाजोगाईकडे, वळली. लाल किल्ल्यावर निशाण लावणाऱ्यांना पांच दिवस दम निघाला. १७ तारखेला लायक अलींच्या मंत्रिमंडळानें राजीनामा दिला, निजामानें युद्धबंदी जाहीर केली, आणि १८ ला हैदराबादचे सेनापति एल एद्रूस यांनीं मेजर जनरल चौधरी यांच्यापुढें शस्त्रें ठेविलीं.

येथून पुढें तीन वाटा फुटतात. आणि त्यांतील पहिली वाट आकाशवाणीवरून गेली. राजवाड्याबाहेर फारसा न बोलणाऱ्या निजामानें २३ सप्टेंबरला नभोवाणीवरून भाषण केलें. संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा समितीपुढें हैदराबादनें जी तक्रार नेली होती ती त्यानें काढून घेतली, आणि झालेल्या सर्व प्रकाराचा दोष कासिम रझवीच्या टोळीवर ठेविला. या टोळीनें आपल्या प्रधानांच्या घरांना वेढा घालून त्यांना राजीनामे द्यावयास लावलें, लायक अली मंत्रिमंडळ आपल्यावर लादलें, आणि हिटलरच्या जर्मनीची आठवण व्हावी अशा रीतींनीं राज्य बळकावून आपणांस असहाय केलें, असा त्या भाषणाचा आशय होता. यांत खोटें असें थोडेंच होतें. परंतु २७ ऑक्टोबरच्या पहांटे राजाच्या पदरीं सैन्य होतें, पोलीस होते आणि सेनापतिही होता. आणि स्वतंत्र राहण्याचें फर्मान तर रझवीच्या नव्हे, राजाच्या सहीचें होतें. असहायतेचा शोध लागावयास त्यास अकरा महिने आणि पांच दिवसांचें युद्ध लागलें!

दिल्लीनें हें भाषण ऐकून घेतलें. इतकेंच नव्हे, तें मानून चालणें तिच्या सोयीचें होतें. हैदराबादचा प्रश्न जगाच्या चव्हाट्यावर गेलेला. काश्मीरचें युद्ध चालू. अशा वेळीं निजाम हद्दपार झाला असता तर तो लंडनच्या किंवा कराचीच्या हातांतील एक उत्तम हत्यार झाला असता. तोच निजाम हैदराबादेंत बसून दिल्लीच्या बाजूनें बोलत असेल, तर परक्यांना बोलावयास जागाच उरत नव्हती. म्हणून राजा जागेवर राहिला. फेब्रुवारी १९४९ मध्यें सरदार वल्लभभाई पटेल हैदराबादेस आले, तेव्हां बेगमपेटच्या विमानतळावर निजाम हात जोडून त्यांच्या स्वागतास उभा होता. २६ जानेवारी १९५० पासून तो हैदराबाद राज्याचा राजप्रमुख झाला, वर्षास ५० लक्ष रुपयांचा तनखा त्याला ठरला, आणि भाषावार प्रांतरचना होऊन १९५६ मध्यें हैदराबाद राज्यच मोडेपर्यंत तो त्या पदावर होता. १९६७ च्या फेब्रुवारींत तो आपल्या हैदराबादेंत, आपल्या राहत्या वाड्यांत वारला.

ज्या प्रतापसिंह महाराजांनीं इंग्रजांविरुद्ध बोटही उचललें नव्हतें ते काशीस जाऊन परदेशीं मेले, त्यांची बाजू मांडावयास गेलेल्या रंगो बापूजींना लंडनांत वर्षानुवर्षें दाद मिळाली नाहीं. आणि ज्यानें स्वातंत्र्य पुकारून लढाईची पाळी आणली तो राजप्रमुख झाला. ही विषमता अपराधाच्या तराजूनें मोजतां येत नाहीं. इंग्रजांना साताऱ्याचा एक मानी राजा नकोसा झाला होता. दिल्लीला हैदराबादचा नमलेला राजा हवा होता. पदच्युतांचें दैव ठरतें तें जेत्याच्या गरजेवर. आणि निजामाला पदच्युतीची किंमत पुरेपूर ठाऊक होती, कारण ती तो दरमहा रोखीनें मोजीत आला होता. तुर्कस्तानच्या गणराज्यानें १९२४ च्या मार्चमध्यें खलिफा अब्दुल मजीद यास रातोरात देशाबाहेर काढलें, तेव्हां त्याला दरमहा ३०० पौंड पाठविणारा दाता हाच उस्मान अली खान होता. १९३१ सालीं फ्रान्सांतील नीस येथें त्या खलिफ्याची कन्या दुर्रेशेहवार हिचा विवाह निजामाच्या वडील मुलाशीं झाला. आपल्या व्याह्याची परागंदा दशा ज्यानें इतक्या जवळून पाहिली, त्यानें हात जोडण्यास उशीर लाविला नाहीं याचें नवल नको.

दुसरी वाट लायक अलींची. त्यांना बेगमपेटेच्या त्यांच्या घरांतच नजरकैदेंत ठेवण्यांत आलें होतें. पहारा होता, परंतु नजरकैदेंतल्या माणसापेक्षां पहारेकऱ्यालाच लवकर कंटाळा येतो हा सर्वत्रांचा अनुभव आहे. मार्च १९५० मध्यें एके दिवशीं घर रिकामें असल्याचें सरकारला कळलें, आणि तें कळलें तेव्हां लायक अली कराचीस पोंचले होते. त्यांच्या पलायनाच्या सुरस हकीगती हैदराबादेंत पुष्कळ दिवस सांगितल्या जात. एवढें खरें कीं, दिल्लीला ते पळाल्याची लाज वाटली, परंतु दुःख फारसें झालें नसावें. मुख्य प्रधानावर खटला चालविला असता तर साक्षीच्या पिंजऱ्यांत राजप्रमुखालाही बोलवावें लागलें असतें. पाकिस्तानांत लायक अलींना मान मिळाला. हैदराबादच्या शोकान्तिकेवर त्यांनीं इंग्रजींत एक पुस्तक लिहून १९६२ सालीं प्रसिद्ध केलें. आणि १९७१ सालीं परदेशींच त्यांचा अंत झाला.

रझवीची वाट सर्वांत खडतर, आणि येथें दोन्ही बाजूंनीं बोलावें लागेल. १९ सप्टेंबर १९४८ ला त्याला पकडलें. शोएबुल्ला खान यांच्या खुनाचा आणि जानेवारी १९४८ मध्यें बीबीनगर येथें रझाकारांनीं घातलेल्या दरोड्याचा, असे खटले त्याच्यावर खास न्यायमंडळापुढें चालले. बीबीनगरच्या खटल्यांत १९५० च्या सप्टेंबरांत ७ वर्षांची सक्तमजुरी झाली. लष्करी अंमलांत नेमलेल्या खास न्यायमंडळापुढें खटला चालविणें नव्या घटनेंतील समतेच्या कलमाशीं सुसंगत आहे काय, हा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. १९५३ सालीं न्यायमूर्तींनीं बहुमतानें शिक्षा कायम ठेविली. कायद्याचा शब्दन् शब्द जाणणाऱ्या लातूरच्या वकिलाचें नांव हिंदुस्थानच्या घटनाविषयक निकालांत कायमचें राहिलें, तें अशा प्रकारें. त्यानें आपली शिक्षा भोगली. पुण्याच्या येरवड्याच्या तुरुंगांतून सप्टेंबर १९५७ मध्यें तो सुटला, तो पाकिस्तानांत निघून जाण्याच्या बोलीवर. दोन दिवसांची मुदत होती. तेवढ्यांत त्यानें हैदराबादेस जाऊन मजलिसचीं सूत्रें अब्दुल वाहिद ओवेसी या दुसऱ्या एका वकिलाकडे सोंपविलीं आणि तो कराचीस गेला. तेथें त्याला कोणी लाल किल्ला दाखविला नाहीं, कीं सभेला बोलावलें नाहीं. भाषणांवर जगलेला मनुष्य मुका होऊन राहिला, आणि जानेवारी १९७० मध्यें वारला. तिघांपैकीं कोर्टापुढें उभा राहिलेला आणि शिक्षा भोगलेला हा एकटाच, ही गोष्ट त्याच्या शत्रूंनींही लक्षांत ठेवण्यासारखी आहे.

परंतु या तिघांच्या कथेंत एक चौथी वाट आहे, आणि ती सांगितल्यावांचून ही हकीगत पुरी होत नाहीं. ज्यांना नभोवाणीवर भाषण करतां येत नव्हतें, ज्यांना कराचीला पळून जाण्याइतका पैसा नव्हता, आणि ज्यांच्यासाठीं खास न्यायमंडळ बसलें नाहीं, त्यांची ही वाट. राज्य कोसळलें त्या आठवड्यांत रझवी तुरुंगाच्या भिंतीआड सुरक्षित होता. त्याच्या नांवानें ओळखलें जाणारें लातूर मात्र उघड्यावर होतें. वर्षभर सोसलेल्या जुलमाचा सूड खेडोपाडीं, गल्लोगल्लीं उगविला गेला, आणि तो उगविला गेला तो बहुतांशीं अशांवर, ज्यांचा अपराध धर्माखेरीज दुसरा कांहीं नव्हता. पंडित सुंदरलाल, काजी अब्दुल गफार आणि अब्दुल्ला मिसरी यांचें मंडळ १९४८ च्या अखेरीस राज्यभर हिंडलें. उस्मानाबाद, बीदर, नांदेड आणि गुलबर्गा या चार जिल्ह्यांना सर्वांत अधिक झळ पोंचल्याचें त्यांनीं नमूद केलें. राज्यांतील मृतांचा त्यांचा अंदाज २७ हजारांपासून ४० हजारांपर्यंतचा होता. लातुरांत कच्छी मुसलमान व्यापाऱ्यांच्या मोठमोठ्या पेढ्या होत्या. तेथें वीसांहून अधिक दिवस कत्तल चालली, आणि दहा हजारांच्या आसपास असलेल्या मुसलमान वस्तींतून जेमतेम तीन हजार माणसें आपणांस तेथें आढळलीं, असें या मंडळानें लिहून ठेविलें. शेजाऱ्यांना वांचविण्यासाठीं आपला जीव धोक्यांत घालणारे हिंदूही त्यांना भेटले, त्यांचीही नोंद त्यांत आहे. दिल्ली सरकारला हा अहवाल रुचला नाहीं. त्यांतील आंकड्यांविषयीं वाद झाला, आणि तो प्रसिद्ध न होतां दप्तरांत पडून राहिला. २०१३ सालीं दिल्लीच्या नेहरू स्मारक संग्रहालयांत तो वाचकांस खुला झाला.

सरहद्दीपलीकडे गेलेले शेतकरी-व्यापारी हळूहळू परतले. त्यांचे वाडे जळालेले होते, परंतु जमीन जागेवर होती. लातुरांतून जीव घेऊन निघालेल्यांपैकीं कितीएकांना परतावयास पेढीच उरली नव्हती. रझवीच्या व्याख्यानाला टाळ्या वाजविणारे आणि न वाजविणारे, दोघांनाही हा एकच दंड बसला. पुढें निलंगा, उदगीर, अहमदपूर हा भाग बीदरमधून निघून १९५६ सालीं उस्मानाबाद जिल्ह्यांत, म्हणजे आजच्या धाराशिवांत, आला आणि १९८२ सालीं लातूर हाच स्वतंत्र जिल्हा झाला. सतरा सप्टेंबर हा मराठवाड्याचा मुक्तिदिन म्हणून पाळला जातो, आणि तो योग्यच आहे. परंतु लातूरच्या बाजारपेठेंत त्या तारखेच्या पुढच्या तीन आठवड्यांचीही एक आठवण आहे, जिला दिवस नेमून दिलेला नाहीं.

माणसांप्रमाणें हैदराबादचा पैसाही परागंदा झाला होता, ही हकीगत थोडक्यांत सांगावयास हवी. शरणागतीनंतर दोनच दिवसांनीं, २० सप्टेंबर १९४८ रोजीं, हैदराबाद सरकारच्या नांवचे १० लक्ष पौंड लंडनच्या बॅंकेंत पाकिस्तानच्या हायकमिशनरच्या खात्यावर जमा झाले. निजामानें ते परत मागितले. बॅंकेनें दोघांपैकीं कोणासच देण्याचें नाकारलें. ती रक्कम पडल्या जागीं व्याजानें वाढत राहिली. निजाम वारला, रझवी वारला, लायक अली वारले. निकाल लागला तो २ ऑक्टोबर २०१९ रोजीं, हिंदुस्थान सरकार आणि निजामाचे नातू यांच्या बाजूनें. तोंवर १० लक्षांचे सुमारें ३ कोटि ५० लक्ष पौंड झाले होते.

त्या नातवांपैकीं वडील, मुकर्रम जाह, हा दुर्रेशेहवारचा मुलगा. त्याचा जन्मच १९३३ सालीं नीस येथें, पदच्युत आजोबाच्या परागंदा संसाराच्या गांवीं झालेला. १९६७ सालीं आठवा निजाम म्हणून त्याला गादीचा किताब मिळाला; परंतु १९७१ मध्यें संस्थानिकांचे तनखे व किताब कायद्यानें रद्द झाले. घरचे खटले, वारसांचे तंटे आणि कर यांना कंटाळून तो ऑस्ट्रेलियांत गेला आणि मेंढ्यांच्या एका अफाट कुरणाचा मालक होऊन राहिला. त्याला कोणी हद्दपार केलें नव्हतें. उतारवयांत तो तुर्कस्तानांत, म्हणजे ज्या देशानें त्याच्या आजोबाला हाकलून दिलें त्याच देशांत, जाऊन राहिला. १४ जानेवारी २०२३ रोजीं इस्तंबूलला तो वारला. त्याच्या इच्छेप्रमाणें त्याचा देह हैदराबादेस आणून मक्का मशिदींत पूर्वजांजवळ ठेवण्यांत आला.

त्याचा आजोबा खलिफा अब्दुल मजीद १९४४ च्या ऑगस्टमध्यें पॅरिसला वारला होता. तुर्कस्ताननें त्याचा देह घेण्याचें नाकारलें. दहा वर्षें तो पॅरिसच्या मशिदींत ठेवलेला होता, आणि १९५४ सालीं मदिनेस नेऊन पुरण्यांत आला. निजामानें या व्याह्यासाठीं मराठवाड्यांत, खुलताबादेच्या परिसरांत, एक कबर बांधून ठेविली होती असें सांगतात. तुर्की धाटणीची एक इमारत तेथें दाखविलीही जाते. तानाशहा, औरंगजेब आणि पहिला निजाम यांच्या शेजारची ही जागा रिकामीच राहिली आहे.